कानस न लावता बसणारा भाग

फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ ही मोटार अमेरिकेत १९०८ साली विक्रीला आली. २६ मे १९२७ रोजी तिचे उत्पादन थांबले. मधल्या काळात अशा दीड कोटींहून थोड्या अधिक गाड्या तयार झाल्या. आज एखाद्या शेडमध्ये धूळ खात पडलेली अशी गाडी सापडली, तिचे इंजिन गंजून अडकलेले असले, तरी ते बहुतेक वेळा पुन्हा चालू करता येते. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, गास्केट अशा वस्तू अमेरिकेत आजही नव्याने बनतात आणि पोस्टाने मागवता येतात. इंजिनाची झीज मोजून, त्याला बसेल अशा मापाचा पिस्टन मागवला की तो बसतो.

त्याच काळात एखाद्या लहान कारखान्याने हाताने बांधलेली महागडी गाडी घ्या. ती कितीही देखणी असो, तिचा पाण्याचा पंप फुटला तर दुसरा मिळत नाही. तो बनवूनच घ्यावा लागतो. दुसऱ्या तशाच गाडीचा पंप मिळाला, तरी तो जसाच्या तसा बसेल याची खात्री नसते.

स्वस्त गाडीला शंभर वर्षांनंतरही भाग मिळतात आणि महाग गाडीला मिळत नाहीत, हे कसे? गाड्यांच्या संख्येचा हा प्रश्न आहेच, पण केवळ संख्येचा नाही. एका गाडीचा भाग दुसरीला कानस न लावता बसावा, ही कल्पना प्रत्यक्षात यायला सुमारे सव्वाशे वर्षे लागली. जुने इंजिन खोलून बसलेल्या कारागिराच्या टेबलावर तो सगळा इतिहास मांडलेला असतो. तो वाचता मात्र यायला हवा.

इंजिन उघडल्यावर

मॉडेल टीचे इंजिन समजायला सोपे आहे. बिडाच्या एकाच ओतीव ठोकळ्यात चार सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास पावणेचार इंच आणि पिस्टनची धाव चार इंच. यावरून इंजिनाचे घनफळ काढायला विद्यार्थ्यांना सांगा. उत्तर सुमारे २,९०० घनसेंटिमीटर येईल. एवढ्या मोठ्या इंजिनाची ताकद मात्र फक्त २० अश्वशक्ती होती. तेलाचा पंप नाही. फिरणारे जड चाक तळातले तेल उडवते, त्यातले काही एका नळीतून पुढे जाते आणि बाकीचे शिंतोडे सगळीकडे पोचतात. अगदी पहिल्या काही गाड्या सोडल्या तर पाण्याचाही पंप नाही. गरम पाणी हलके होऊन वर चढते आणि थंड पाणी खालून त्याची जागा घेते, एवढ्यावरच इंजिन थंड राहते.

कारागीर प्रथम ठोकळ्याला तडा गेला आहे का ते पाहतो. त्याची एक जुनी पद्धत शाळेतही करून दाखवण्यासारखी आहे. संशयित जागी रॉकेल लावायचे, थोड्या वेळाने ते कोरडे पुसून घ्यायचे आणि वर खडूची पूड भुरभुरायची. तडा असेल तर त्यात शिरलेले रॉकेल केशाकर्षणाने पुडीत चढते आणि एक ओली रेघ उमटते.

मग मोजमाप सुरू होते. सिलिंडर सर्व बाजूंनी सारखा झिजत नाही. पिस्टन वरखाली होताना एका बाजूला जास्त रेटला जातो, त्यामुळे गोल भोक हळूहळू लंबगोल होते. शिवाय वरच्या भागात, जिथे उष्णता जास्त आणि तेल कमी, तिथे झीज अधिक असते. म्हणजे सिलिंडर वर रुंद आणि खाली अरुंद होतो. हे सारे इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. आपल्याकडचे फिटर त्याला ‘थाऊ’ म्हणतात. एक थाऊ म्हणजे ०.०२५४ मिलिमीटर, माणसाच्या केसाच्या जाडीच्या साधारण निम्मा किंवा त्याहूनही कमी.

झिजलेला सिलिंडर पुन्हा मूळ मापाचा होत नाही. म्हणून तो थोडा मोठा करून परत गोल करतात. याला बोअरिंग करणे म्हणतात. नंतर त्याला वाढीव मापाचा पिस्टन लागतो. असे पिस्टन मूळ मापापेक्षा ठरावीक थाऊंनी मोठे, अशा टप्प्याटप्प्याच्या मापांत मिळतात. म्हणजे गाडी झिजणार, ती किती झिजणार आणि त्यावर काय करायचे, याचा विचार भाग बनवणाऱ्यांनी आधीच केलेला असतो.

इथे एक बारकावा आहे. जुने पिस्टन बिडाचे असत. आज मिळणारे ॲल्युमिनियमचे असतात. ते हलके असल्याने क्रँकशाफ्टवरचा ताण कमी होतो. पण ९५ मिलिमीटर व्यासाचा बिडाचा पिस्टन १०० अंश सेल्सिअसने तापला तर साधारण ०.१० मिलिमीटर फुगतो, तर ॲल्युमिनियमचा ०.२२ मिलिमीटर फुगतो. जुन्या पिस्टनला ठेवायची तेवढीच फट नव्याला ठेवली, तर इंजिन तापल्यावर तो सिलिंडरमध्ये आवळला जाईल. माप तेच असले तरी धातू बदलला की भाग बदलतो.

बंदुकीपासून सुरुवात

सारखे भाग बनवण्याची कल्पना मोटारीसाठी निघाली नाही. ती निघाली बंदुकीसाठी.

अठराव्या शतकात बंदूक बनवणारा कारागीर प्रत्येक भाग शेजारच्या भागाला जुळेल असा कानशीने घासत असे. शंभर बंदुका म्हणजे शंभर वेगवेगळ्या वस्तू. रणांगणावर एखाद्या बंदुकीचा चाप मोडला, तर शेजारी पडलेल्या दुसऱ्या मोडक्या बंदुकीचा चाप काढून तिला बसवता येत नसे. त्यासाठी बंदूक कारागिराकडेच परत न्यावी लागे.

फ्रान्समध्ये ऑनोरे ब्लां नावाच्या कारागिराने या अडचणीवर उपाय शोधला. १७८५ साली थॉमस जेफर्सन पॅरिसमध्ये अमेरिकेचे प्रतिनिधी होते. ब्लांने त्यांच्यासमोर चापांचे सुटे भाग ठेवले. जेफर्सन यांनी त्यांतले हाताला येतील ते भाग उचलून स्वतः चाप जोडून पाहिले आणि ते जुळले. हा अनुभव त्यांनी त्याच वर्षी अमेरिकेला पत्राने कळवला. त्यात त्यांना महत्त्वाचा वाटलेला फायदा होता दुरुस्तीचा. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सारखे भाग बनवण्याची कल्पना सुरुवातीला स्वस्ताईसाठी पुढे आली नाही, कारण असे भाग बनवणे सुरुवातीला उलट महाग पडत असे. ती पुढे आली मोडलेली वस्तू लवकर दुरुस्त व्हावी म्हणून.

यापुढची गोष्ट अनेक पुस्तकांत अशी सांगितलेली असते: अमेरिकेच्या एली व्हिटनीने १७९८ साली सरकारकडून दहा हजार बंदुकांचे काम घेतले, १८०१ साली वॉशिंग्टनमध्ये बड्या नेत्यांसमोर सुटे भाग जोडून दाखवले आणि अशा रीतीने अदलाबदल करता येणाऱ्या भागांचा शोध लागला.

गोष्ट छान आहे, पण ती टिकत नाही. रॉबर्ट वुडबरी या इतिहासकाराने १९६० साली या कथेची कसून तपासणी केली. व्हिटनीच्या कारखान्यातल्या ज्या बंदुका संग्रहालयांत उरल्या आहेत, त्यांचे भाग एकमेकींना बसत नाहीत. त्यांच्यावर कानशीच्या खुणा आहेत. ठरलेल्या बंदुका पूर्ण करून द्यायलाही त्याला १८०९ साल उजाडले. १८०१ सालच्या प्रयोगातले भाग आधीच निवडून, जुळवून आणलेले असावेत, असे आता इतिहासकार मानतात.

मग हे काम केले कोणी? एकाने नव्हे, अनेकांनी, आणि हळूहळू. हार्पर्स फेरी येथे जॉन हॉल याने १८१९ पासून सरकारसाठी रायफली बनवल्या. सात-आठ वर्षांनी सरकारच्या समितीने त्याच्या शंभर रायफली खोलून, भाग मिसळून पुन्हा जोडून पाहिल्या आणि त्या जुळल्या. १८३४ सालापर्यंत दुसऱ्या गावातल्या सीमियन नॉर्थ याच्या कारखान्यातले भागही हॉलच्या रायफलींना बसू लागले. वेगवेगळ्या दोन ठिकाणी, वेगवेगळ्या हातांनी बनलेले भाग एकमेकांना बसणे, ही खरी कसोटी होती.

त्यांचे रहस्य यंत्रांत होते, तसे मापकांतही होते. मापक म्हणजे पोलादाचा एक नमुना. तपासायच्या भोकात त्याचे एक टोक शिरले पाहिजे आणि दुसरे टोक अडले पाहिजे. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तर भाग पास. कामगाराने माप वाचायची गरज नाही. चूक किती चालेल हे मापकातच ठरलेले असते. ‘अचूक’ या शब्दाचा अर्थ इथे बदलला. कोणताही भाग अगदी अचूक बनत नाही, हे मान्य करून चुकीला हद्द घालून देणे म्हणजे अचूकता.

आणि हे मापक कोण बनवत असे? अत्यंत कुशल कारागीर, हाताने, कानशीने. एक कानस नाहीशी करण्यासाठी दुसरी, अधिक कुशल हातातली कानस लागली.

तीन गाड्या आणि २,१६३ भाग

बंदुकीच्या कारखान्यांतले कारागीर पुढे शिवणयंत्रे, सायकली आणि यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यांत गेले. ही विद्या त्यांच्याबरोबर गेली. हेन्री लेलंड हा त्यांपैकी एक. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात तो स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात होता. नंतर मोजमापाची साधने बनवणाऱ्या ब्राउन अँड शार्प या कंपनीत त्याने बरीच वर्षे काढली. पुढे डेट्रॉइटमध्ये कॅडिलॅक गाड्यांची जबाबदारी त्याच्याकडे आली, तेव्हा मोटारीचे भागही थाऊच्या हिशोबात बनवायचे, असा त्याचा आग्रह होता.

युरोपात तेव्हा वेगळी रीत होती. पॅरिसची पानार कंपनी १८९०च्या दशकात गाड्या बांधत असे, तेव्हा भाग निरनिराळ्या छोट्या कारखान्यांतून येत. त्यांची मापे ढोबळच जुळत. पोलाद कठीण करण्यासाठी भाग भट्टीत घातले की ते वाकत आणि माप आणखी बदले. मग फिटर पहिले दोन भाग जुळेपर्यंत घाशी, मग तिसरा त्या दोहोंना जुळवी. शेवटच्या भागापर्यंत येताना गाडीची लांबी-रुंदी शेजारच्या गाडीपेक्षा वेगळी झालेली असे. असे काम करणारे फिटर अतिशय तरबेज होते. पण त्यांनी बांधलेली प्रत्येक गाडी ही एकुलती एक होती.

१९०८ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इंग्लंडच्या रॉयल ऑटोमोबाईल क्लबने या दोन रीतींची परीक्षाच घेतली. लंडनमधल्या विक्रेत्याच्या साठ्यातून तीन एक-सिलिंडरी कॅडिलॅक गाड्या निवडण्यात आल्या. त्या ब्रुकलंड्सच्या धावपट्टीवर नेऊन, चालवून, नंतर पूर्ण खोलण्यात आल्या. प्रत्येक गाडीचे ७२१, म्हणजे एकूण २,१६३ भाग. ते एकत्र मिसळले. त्यांतले ८९ भाग क्लबने बाजूला काढले आणि त्यांच्याऐवजी विक्रेत्याच्या कपाटातले नवे भाग घेतले. मेकॅनिकांना पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर एवढीच हत्यारे दिली. कानस वापरायला मनाई होती.

तिन्ही गाड्या उभ्या राहिल्या. रंगांची सरमिसळ झाल्याने त्या ठिगळ लावल्यासारख्या दिसत होत्या. त्यानंतर त्या ५०० मैल धावल्या. याबद्दल कॅडिलॅकला त्या वर्षीची ड्यूअर ट्रॉफी मिळाली. ही ट्रॉफी वेगासाठी नव्हती. ‘सुटा भाग मागवा, तो बसेल’ हे वचन खरे ठरल्याबद्दल ती होती. जुन्या गाडीसाठी भाग शोधणारा माणूस आज याच वचनावर विसंबतो.

फोर्डने काय केले?

त्याच १९०८ साली मॉडेल टी आली. हेन्री फोर्डने सारखे भाग शोधून काढले नाहीत. त्याने ते प्रचंड संख्येत बनवले. भाग न घासता बसत असतील, तरच जोडणीचे काम मिनिटांत मोजता येते. १९१३ साली त्याच्या हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर गाडी जोडणे सुरू झाले आणि सांगाडा जोडायला लागणारा वेळ सुमारे साडेबारा तासांवरून १९१४ मध्ये ९३ मिनिटांवर आला. पट्ट्यावर कानस चालवायला वेळच नव्हता. साध्या मॉडेलची किंमत १९०८ साली ८००हून अधिक डॉलर होती, ती १९२५ साली २६० डॉलर झाली.

याची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांसमोर ठेवायला हवी. पूर्वीचा फिटर पूर्ण गाडी समजणारा माणूस होता. पट्ट्यावरचा कामगार दिवसभर एकच नट आवळत असे. १९१३ साली फोर्डच्या कारखान्यात कामगार सोडून जाण्याचे प्रमाण ३७० टक्के झाले, म्हणजे एका जागेसाठी वर्षात तीन-चार माणसे बदलत. १९१४च्या जानेवारीत फोर्डने रोजचा पगार दुपटीहून वाढवून पाच डॉलर केला, त्यामागे हेही कारण होते. भागाला कानस लागेनाशी झाली, तशी कारखान्याला फिटरचीही गरज कमी वाटू लागली.

या पद्धतीमुळेच मोटार पेट्यांतून परदेशी पाठवता येऊ लागली. फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीने १९२६ साली हिंदुस्थानात शाखा काढली. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना सुरू केला. समुद्रापलीकडे बनलेले भाग आगबोटीने यायचे आणि इथल्या कामगारांनी ते जोडले की शेव्हरोले गाडी बाहेर पडायची. भाग बनवणाऱ्याने आणि जोडणाऱ्याने एकमेकांना कधी पाहिलेही नव्हते. त्यांच्यामध्ये दुवा होता तो फक्त मापांचा.

मापाचा दुवा तुटला तर काय होते, याचे उदाहरण जुन्या गाड्यांच्या कामात नेहमी भेटते. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली बोल्टच्या आट्यांचे प्रमाण ठरवले. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ साली वेगळे ठरवले. व्हिटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा, सेलर्सचा ६० अंशांचा. अर्धा इंची बोल्टवर इंग्लिश पद्धतीत इंचाला १२ आटे, तर अमेरिकन पद्धतीत १३. दोन्ही बोल्ट सारखेच दिसतात. चुकीचा बोल्ट एक-दोन वेढे जातो आणि मग अडतो. पाना लावून जोर केला की आटेच झडतात. ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी आट्यांचे एकच प्रमाण मान्य केले ते १९४८ साली. इंच म्हणजे नेमका २५.४ मिलिमीटर, हे या देशांनी ठरवले ते तर १९५९ साली.

जे दुकानात मिळत नाही

आता पुन्हा उघडलेल्या इंजिनाकडे येऊ. पिस्टन मिळाले, रिंगा मिळाल्या, व्हॉल्व्ह मिळाले. पण क्रँकशाफ्ट ज्यांत फिरतो ती तीन मुख्य बेअरिंगे? ती विकत आणून नुसती बसवता येत नाहीत. मॉडेल टीमध्ये ती ठोकळ्यातच ओतलेली आहेत.

त्यांचा धातू म्हणजे व्हाइट मेटल किंवा बॅबिट. आयझॅक बॅबिट याने १८३९ साली या प्रकारच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. चांगल्या प्रतीच्या बॅबिटमध्ये बहुतांश कथील असते, सोबत थोडे अँटिमनी आणि तांबे. मऊ कथलात अँटिमनीचे कठीण कण रुतून बसलेले असतात. तेलातून आलेली बारीक कचही या मऊ धातूत रुतून बसते आणि पोलादी दांड्याला ओरखडा पडत नाही. झिजायचेच असेल तर स्वस्त बेअरिंगने झिजावे, महाग क्रँकशाफ्टने नव्हे, असा हा विचार आहे.

इंजिन दुरुस्त करणारा जुने बॅबिट वितळवून काढतो, ठोकळा गरम करतो, मध्ये गोल दांडा धरतो आणि चारशे अंश सेल्सिअसच्या वर तापलेला रस ओततो. रस पुरेसा तापला की नाही हे पाहायला पूर्वी पाइनच्या लाकडाची काडी बुडवत. ती लगेच करपली तर ठीक. रस थंड झाल्यावर भोक योग्य मापाचे कापतात. मग क्रँकशाफ्टला निळा रंग अगदी पातळ लावून तो बेअरिंगमध्ये फिरवतात. जिथे उंचवटा असेल तिथे निळा डाग उमटतो, तो तासणीने खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा डाग, पुन्हा खरवडणे. निळाई सर्वत्र सारखी पसरेपर्यंत हे चालू राहते. शेवटी दांडा आणि बेअरिंग यांमध्ये एक-दीड थाऊची फट राहायला हवी. या फटीतच तेलाचा पातळ थर बसतो. दांडा फिरू लागला की तो थर स्वतःच दाब निर्माण करून दांड्याला उचलून धरतो. बोशां टॉवर याला १८८३ साली प्रयोग करताना हा दाब प्रथम दिसला. बेअरिंगला पाडलेल्या भोकात त्याने बूच मारले, तर तेलाने ते बाहेर ढकलले.

गंमत अशी की नव्या मॉडेल टीमध्येही कानस पूर्णपणे हद्दपार झालेली नव्हती. बेअरिंग झिजून सैल झाले, तर त्याच्या टोपीची टोके कानशीने थोडी थोडी घासा आणि टोपी पुन्हा आवळा, असे कंपनीच्याच पुस्तिकेत मालकांना सांगितलेले होते. व्हॉल्व्हच्या दांडीखालची फट कमी-जास्त करण्याचीही मूळ इंजिनात सोय नव्हती. फट कमी पडली तर दांडीचे टोक घासावे लागे.

यात विरोधाभास दिसेल, पण तो नाही. दीड कोटी इंजिने जन्मताना सारखी होती. झिजताना मात्र प्रत्येक इंजिन वेगळे झाले. एक धुळीच्या रस्त्यावर चालले, एक शेतावर करवत फिरवायला जुंपले गेले, एकात तेल वेळेवर बदलले गेले नाही. कारखान्यातून ते सारखे बाहेर पडले म्हणून आज त्याला पिस्टन मिळतो. वापरात ते एकुलते एक झाले म्हणून त्याला अजूनही माणसाचा हात लागतो. इंजिनाची पुनर्बांधणी म्हणजे या दोन गोष्टींचा मेळ घालणे.

जी गाडी मुळातच एकुलती एक होती, तिच्या बाबतीत तर सगळेच हातावर येते. फुटलेला बिडाचा भाग नव्याने ओतायचा असेल, तर तो जुनाच भाग वाळूत दाबून साचा घेता येईल का? नाही. वितळलेले बीड घट्ट होऊन थंड होताना सुमारे एक टक्का आकसते. ३०० मिलिमीटर लांबीचा भाग ३ मिलिमीटर आखूड निघेल आणि बोल्टची भोके जुळणार नाहीत. म्हणून साचे बनवणाऱ्या कारागिरांची मोजपट्टीच मुद्दाम तेवढी मोठी आखलेली असते. आज जुन्या भागाचे संगणकाने मोजमाप घेऊन साचा छापूनही काढतात. पण आकसण्याचा हिशोब संगणकालाही करावाच लागतो.

जुने म्हणजे कोणते?

एक प्रश्न उरतो. नवे पिस्टन, नवे व्हॉल्व्ह, नवे बॅबिट घातलेले इंजिन ‘मूळ’ राहते का? हा प्रश्न केवळ चर्चेचा नाही. भारत सरकारने २०२१ साली मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, मूळ स्वरूपात हवी आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्यात अट आहे. अशा गाडीच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात.

मॉडेल टीपुरते उत्तर सोपे आहे. तिच्या ठोकळ्यावर इंजिनाचा क्रमांक ठोकलेला असतो आणि त्यावरून ते केव्हा बनले हे सांगता येते. पिस्टन मात्र बदलण्यासाठीच बनवलेला आहे. तो बदलणे म्हणजे मूळ आराखड्याशी बेइमानी नव्हे, ते त्या आराखड्याचे पालनच आहे. दुरुस्त होण्याची क्षमता हा त्या यंत्राचा मूळ गुण आहे आणि तो पुढे चालवणे हेही जतनच म्हणावे लागेल. आज डिंकाने चिकटवून बंद केलेली, उघडली तर मोडणारी उपकरणे आपण रोज विकत घेतो. ऑनोरे ब्लांने ज्यासाठी खटपट केली तो हेतूच त्यांत हरवला आहे.

वर्गातली ड्यूअर ट्रॉफी

शेवटी एक प्रयोग. एकाच बनावटीची, आटे असलेली पाच बॉलपेने घ्या. विद्यार्थ्यांना ती पूर्ण खोलायला सांगा. भाग एका ताटात मिसळा आणि हाताला येतील ते घेऊन पुन्हा पाच पेने जोडायला सांगा. सगळी लिहितात का पाहा. मग पाच वेगवेगळ्या कंपन्यांची पेने घेऊन हेच करा. कुठे अडते? कांडी लांब पडते, आटे जुळत नाहीत की टोपी सैल बसते? व्हर्नियर कॅलिपर असेल तर एकाच बनावटीच्या पाच कांड्यांचे व्यास मोजून फरक लिहून काढा. थोडा फरक सापडेलही. तरी पेन जुळते. किती फरक चालतो, हा प्रश्न इथे विद्यार्थी स्वतःच विचारू लागतील.

त्यानंतर त्यांना व्हिटनीची गोष्ट सांगा, आणि ती का टिकली नाही तेही सांगा. कोणते भाग बसतात आणि कोणते नाहीत हे त्यांनी नुकतेच हाताने पाहिलेले असेल. वुडबरीनेही पुस्तकातल्या गोष्टीपेक्षा बंदुकीवरच्या कानशीच्या खुणांवर अधिक विश्वास का ठेवला, हे मग त्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.